वॉटी रेनीचं पहिलं हॅगिस

क्रूकशँक खाटकाच्या दुकानात त्या सकाळी बायकांची रांग लागली होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत वॉटी रेनीनं मेंढीचा कोथळा मागितला.

“कोथळा?” क्रूकशँकनं सुरी खाली ठेवली. “तुला? छपराची गळती बुजवायचीय की काय?”

बायका खुदखुदल्या. वॉटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो जागचा हलला नाही. “कोथळा, आणि काळीज, दिल, फुप्फुसं, सगळा घोस. वर श्वासनळी तशीच ठेव. सोमवारी सांगून गेलो होतो मी.”

“सांगितलंस रे. पण मला वाटलं, इसोबेल बरी झाली आणि तिनंच पाठवलं तुला…” खाटकाचं बोलणं अर्ध्यावरच विरलं. दुकानातलं हसूही थांबलं. “कशी आहे ती?”

“आहे,” वॉटी म्हणाला. पानगळीपासून तो सगळ्यांना एवढंच उत्तर देत होता.

“मग तयारच ने की. हे बघ, कोथळ्यात खिमा भरून हॅगिस कालच शिवून ठेवलेत. उकळत्या पाण्यात सोडायचे, झालं.”

“तुझं तिला नाही चालत.”

“माझं हॅगिस चालत नाही?”

“ओटचा भरडा जाड असतो तुझा. घशात विखुरतो.”

एरवी असं कुणी तोंडावर बोललं असतं तर क्रूकशँकनं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. त्याच्या हॅगिससाठी डंडीहून लोक गाड्या घेऊन यायचे. पण त्यानं मुकाट्यानं आत जाऊन स्वच्छ खरवडलेला कोथळा आणला, कागदात गुंडाळला, वर चरबीचा एक पांढराशुभ्र गोळा ठेवला आणि म्हणाला, “रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजव. आणि हे बघ वॉटी, ठासून भरू नकोस. फुगतं ते.”

वॉटी छपरं घालणारा माणूस. आर्ब्रोथच्या निम्म्या घरांवर त्याच्या हातच्या काळ्या दगडी पाट्या बसलेल्या. समुद्रावरून वारा सुटला की बाकीचे कामगार शिड्या उतरायचे, हा वर बसून दातात खिळे धरून शीळ घालायचा. उंचीची भीती त्याला कधी शिवली नाही. स्वयंपाकघरात मात्र त्याचं राज्य चहाच्या किटलीपुरतं. एकदा अंडं उकडताना त्यानं भांडंच जाळलं होतं, आणि ती गोष्ट इसोबेलची बहीण नेटा प्रत्येक लग्नात नव्यानं सांगायची.

त्याच्या बायकोचं, इसोबेलचं, सगळं आयुष्य चुलीपाशी गेलं होतं. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती पोरांना जेवण करून घालायची. ती पोरं आता टक्कल पडलेले बाप्ये झाली होती, तरी रस्त्यात भेटली की तिला “सूप संपलं का हो बाई?” असं विचारायची. आणि जानेवारीच्या शेवटी, राष्ट्रकवीच्या जन्मदिवशी, सगळा देश हॅगिस खातो त्या संध्याकाळी, रेन्यांच्या घरी खुर्च्या कमी पडायच्या. हॅगिस इसोबेलचं, आईकडून शिकलेलं. वॉटीकडे दोनच कामं. सुरीला धार लावायची, आणि ताट टेबलावर आलं की त्याच्यासमोर उभं राहून त्या कवीनं हॅगिसवर लिहिलेली कविता म्हणायची. दर वर्षी तो दुसरं कडवं विसरायचा, आणि दर वर्षी लोक त्याच जागी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवायचे.

मग इसोबेलच्या घशात गाठ निघाली. डंडीच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, किरणं दिली, आणि गाठ गेली. डॉक्टर म्हणाले, पूर्ण गेली. पण तिच्यासोबत गिळणंही गेलं. पोटात थेट नळी घातली, आणि बाटलीतलं खळीसारखं अन्न त्या नळीतून जायला लागलं. ज्या बाईनं अख्ख्या गावाला जेवू घातलं ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची आणि बाटली रिकामी होताना बघायची. आवाजही खरवडल्यासारखा झाला होता, म्हणून ती फारसं बोलायची नाही. हातात एक लाकडी डाव असायचा. खुर्चीच्या हातावर एकदा आपटला की नाही, दोनदा आपटला की हो.

मिस ओगिल्वी नावाची एक शांत मुलगी इस्पितळातून यायची आणि तिला पुन्हा गिळायला शिकवायची. हनुवटी खाली, श्वास रोखा, गिळा, परत गिळा. पाणी जमलं. दही जमलं. मग मऊ, वाटलेलं अन्न द्यायची परवानगी मिळाली, आणि तिथंच गाडी अडली. वॉटी दुकानातून वाटलेल्या जेवणाचे डबे आणायचा. नारिंगी डबा, हिरवा डबा, तपकिरी डबा. इसोबेल एक चमचा घ्यायची आणि तोंड फिरवायची.

“अगं, दोन घास तरी,” वॉटी म्हणायचा.

डाव एकदा आपटायचा.

“कोंबडी आहे यात. डब्यावर लिहिलंय.”

“कोंबडीला सांगितलंय का कुणी?” ती घोगऱ्या आवाजात म्हणायची, आणि डबा बाजूला सरकवायची.

तिचं वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले की तोंडानं खाणं वाढलं नाही तर ही नळी काढायचा विचार सोडून द्यावा लागेल, कायमची दुसरी बसवू. वॉटीनं मान डोलावली, गाडीत येऊन बसला, आणि किल्ली फिरवायचं बराच वेळ त्याच्या लक्षातच आलं नाही.

एका दुपारी त्यानं हताश होऊन विचारलं, “मग तुला हवंय तरी काय, बये? चंद्र मागितलास तरी शिडी लावतो.”

ती खिडकीबाहेर बघत होती. “हॅगिस,” म्हणाली. “माझं. डब्यातलं नाही. खाटकाचंही नाही.”

“तुझं म्हणजे… करणार कोण?”

तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

वॉटीनं आधी मिस ओगिल्वीला फोन लावला. त्याला वाटलं होतं, ती हसेल किंवा रागावेल. पण ती म्हणाली, “खरं सांगू, मिस्टर रेनी? कल्पना वाईट नाही. खिमाच तो. सोबत कुस्करलेले बटाटे, कुस्करलेला सलगम. त्या ताटात चावायचं असं काहीच नसतं. मात्र कोरडं नको, दाणेदार नको. बारीक करा, भरपूर रस्सा घाला, कोथळ्याचं साल तिला देऊ नका. आणि ठसका लागला तर घाबरू नका. खोकतेय म्हणजे घसा आपलं काम करतोय. खोकली नाही आणि चेहरा बदलला, तर मात्र लगेच मदत बोलवा.”

शेवटचं वाक्य वॉटीनं कुणाला सांगितलं नाही.

खाटकाकडून आल्या आल्या त्यानं कोथळा मिठाच्या पाण्यात टाकला आणि घोस मोठ्या पातेल्यात चढवला. श्वासनळी पातेल्याच्या काठावरून बाहेर लोंबत ठेवायची, म्हणजे आतला फेस तिच्यातून खालच्या वाडग्यात गळतो. हे इसोबेलनं त्याला डावानं दाखवून दाखवून समजावलं. त्यानं आधी नळी आत कोंबली, डाव एकदा आपटला. मग उलट्या बाजूला काढली, डाव एकदा आपटला. तिसऱ्या खेपेला दोनदा.

तेवढ्यात नेटा मागच्या दारानं आत शिरली आणि तिथंच थबकली.

“अरे देवा! ती नळी बघतेय माझ्याकडे.”

“बघू दे. दार लाव.”

“इसोबेल, तुला ठाऊक आहे ना, या माणसानं अंडं जाळलं होतं?”

“भांडं जाळलं होतं,” वॉटी म्हणाला. “अंडं बरं होतं.”

इसोबेलच्या खांद्यांना हिसका बसला. वॉटीला वाटलं ठसका लागला, तो धावला. ती हसत होती. बऱ्याच दिवसांत त्यानं ते पाहिलं नव्हतं. नेटानं अंगातला कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, “आता काही मी जात नाही. असा तमाशा फुकट कुठं बघायला मिळणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच नेटा हजर. टेबलाच्या कडेला खिम्याचं लोखंडी यंत्र आवळलं होतं आणि वॉटी त्याचा दांडा फिरवत होता. दिल आणि फुप्फुसं एकदा काढली. इसोबेलनं एक चिमूट बोटांत चोळून पाहिली, डाव एकदा आपटला. परत काढली. परत एकदा. तिसऱ्यांदा काढली तेव्हा वॉटीच्या कपाळावर घाम होता.

“काळीज किसायचं,” इसोबेल घोगऱ्या आवाजात म्हणाली. “यंत्रात नाही.”

“किसायचं? काळीज?”

“किसणीवर. अर्धंच.”

“चाळीस वर्षं या घरात खातोय, कुणी सांगितलं नाही मला काळीज किसतात म्हणून,” तो पुटपुटला आणि किसणी शोधायला लागला. ती त्याला सापडेना. नेटानं त्याच्या नाकासमोरच्या खुंटीवरून काढून दिली.

ओटचं पीठ त्यानं बारीक आणलं होतं, नेहमीचा भरडा नाही. ते तव्यावर भाजायला घेतलं तेव्हा मात्र त्याला काही सांगावं लागलं नाही. मंद आचेवर तो एकसारखा हलवत राहिला, आणि भाजणीचा खमंग वास घरभर पसरला. इसोबेलनं डोळे मिटून तो वास ओढून घेतला. डाव दोनदा वाजला, मग अजून दोनदा.

पीठ, खिमा, किसलेलं काळीज, बारीक चिरलेली चरबी आणि कांदा, मीठ, जायपत्री. मिरी घालताना वॉटीचा हात आखडला. तिच्या घशाची आठवण येऊन त्यानं चिमूटभरच टाकली. इसोबेल डोळे बारीक करून बघत होती. मग वरून मांस उकळलेलं पाणी ओतत ओतत त्यानं सगळं कालवलं, सैलसर लापशीसारखं होईपर्यंत.

कोथळा भरणं हे दोन माणसांचं काम निघालं. नेटानं मान वळवून कोथळ्याचं तोंड पसरून धरलं, वॉटीनं आत कालवण ढकललं. अर्ध्याहून थोडं वर आलं तेव्हा डाव आपटला. मग शिवण. दाभण आणि जाड दोरा घेऊन तो दिव्याखाली बसला. जाडजूड बोटं, पण टाके एकसारखे पडत गेले.

“बघ गं,” नेटा म्हणाली, “माझ्या नवऱ्याला शर्टाचं बटण लावता आलं नाही मरेपर्यंत.”

“त्याला कारण होतं,” इसोबेल म्हणाली. “तू लावायचीस ना.”

गोळा उकळत्या पाण्यात गेला. आता तीन तास. मंद आच, आणि फुगायला लागलं की सुईनं टोचायचं, म्हणजे आतली वाफ निघून जाते. पहिल्यांदा वॉटीनं वेळेवर टोचलं. दुसऱ्यांदाही. मग सलगम सोलायला बसला. पिवळा सलगम दगडासारखा कडक, त्यात सुरी अडकली, ती सोडवता सोडवता त्याची पाठ चुलीकडे झाली. नेटा बटाटे धूत होती आणि कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होती. पाण्याचा आवाज, नेटाचा आवाज, सुरीची खटखट.

डाव आपटला. कुणी ऐकला नाही. परत आपटला, जोरात, एकामागून एक.

“वॉटी! फडकं!”

तो इसोबेलचा आवाज होता. फाटका होता, पण घरभर ऐकू गेला. वॉटी वळला. पातेल्यात गोळा टम्म फुगला होता आणि शिवणीच्या बाजूला साल उसवत चाललं होतं. तपकिरी धार पाण्यात सुटायला लागली होती. आणि इसोबेल खुर्चीत नव्हती. ती चुलीपाशी उभी होती, एका हातानं कट्टा धरून, दुसऱ्या हातातला डाव फाटलेल्या जागेवर दाबून.

“फडकं आण म्हणते ना! मलमलीचं! खालच्या खणात!”

नेटानं खण अख्खाच बाहेर ओढला, तो तिच्या पायावर पडला. ओरडतच तिनं फडकं फेकलं. वॉटीनं मोठा झारा खाली घालून गोळा अलगद उचलला, इसोबेलनं फडकं पसरलं, दोघांनी मिळून त्याला गुंडाळलं आणि चार टोकं घट्ट बांधली. गोळा परत पाण्यात गेला आणि मुकाट्यानं डुलायला लागला.

इसोबेल धापा टाकत होती. वॉटीनं तिच्या कमरेभोवती हात घातला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती केवढी हलकी झालीय.

“गेलं असतं सगळं,” तो म्हणाला. “माझी चूक.”

“आईचं दर दोन वर्षांनी फाटायचं,” ती म्हणाली. “चुलीकडे पाठ करू नकोस. एवढंच.”

“माझा पाय मोडलाय,” नेटा जमिनीवर बसून म्हणाली. “कुणी विचारलं तर सांगते.”

पाय मोडला नव्हता, अंगठा काळानिळा झाला होता.

बाहेर अंधारायला लागलं तसं टेबल मांडलं. या वर्षी पाहुणे नव्हते, कुणाला बोलावलंच नव्हतं. तीन ताटं. फडकं सोडून गोळा ताटलीत ठेवला. उसवलेला, एका बाजूनं चपटा, पण उभा होता. वॉटीनं सुरी उचलली, घसा खाकरला, आणि कवितेची पहिली ओळ तोंडात आली.

“नको,” इसोबेल म्हणाली. “गार होईल.”

त्यानं गुपचूप सुरी फिरवली. वाफेचा लोट उठला, आणि मऊ, काळसर, चमकदार खिमा बाहेर कलंडला. तिच्या ताटात त्यानं तो रश्शात कालवला, बाजूला लोणी घातलेले बटाटे आणि सलगम. तिघांच्याही ताटात तेच. आजारपणानंतर पहिल्यांदाच तिचं ताट वेगळं नव्हतं.

इसोबेलनं लहान चमचा उचलला. हनुवटी खाली केली. नेटा तिच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून मिठाच्या बरणीकडे बघत होती. वॉटीच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या.

तिनं गिळलं. परत गिळलं.

आणि मग ठसका लागला.

खुर्ची मागं ढकलून वॉटी उभा राहिला. इसोबेलचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, ती खोकत राहिली. खोकतेय, वॉटी मनात म्हणत होता, खोकतेय, खोकतेय, देवा, खोकू दे. नेटानं तिचा हात धरला. ठसका हळूहळू उतरला. इसोबेलनं पाण्याचा एक घोट घेतला, हनुवटी खाली करून गिळला, डोळे पुसले.

“इसोबेल?”

तिनं हात वर करून त्याला थांबवलं. पुन्हा चमचा भरला, या वेळी आधीपेक्षा छोटा. गिळला. काही झालं नाही. अजून एक. मग बटाटा. मग सलगम. मग परत हॅगिस. चुलीवरचं पातेलं गार होतानाची टकटक ऐकू येत होती.

अर्धं ताट संपलं तेव्हा तिनं चमचा खाली ठेवला.

“मिरी कमी आहे,” ती म्हणाली.

वॉटी खुर्चीत धपकन बसला. त्याला हसायचं होतं, पण तोंडातून भलताच आवाज निघाला. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि त्याचे रुंद खांदे हलायला लागले. नेटानं उठून कपाटातली व्हिस्कीची बाटली काढली आणि दोन पेल्यांत ओतली.

“मिरी कमी म्हणे,” ती स्वतःशीच बोलत होती. “हा मेला इथं अर्धा झाला, आणि हिला मिरी कमी. घे रे वॉटी. पी. रडायचं तर पिऊन रड.”

“मुद्दाम कमी घातली,” वॉटी नाक पुसत म्हणाला. “तुझ्या घशासाठी.”

“माहितीये,” इसोबेल म्हणाली. “पुढच्या वेळी नीट घाल.”

पुढची वेळ रविवारीच आली, कारण उरलेलं तव्यावर परतून द्यायला तिनं सांगितलं. मिरी तिनं स्वतःच दळून घातली. मिस ओगिल्वी आली तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहूनच तिनं इसोबेलला जेवताना पाहिलं, दोनदा तिच्या घशाला बोटं लावून तपासलं, आणि मग स्वतःसाठीही एक बशी मागून घेतली. त्यानंतर मेंढीच्या मऊ मटणाचं सूप झालं, दुधातला मासा झाला, लोण्यात शिजवलेला कोबी झाला. जे जमेना ते इसोबेल बाजूला सारायची, पण तोंड फिरवायची नाही. बाटल्यांची खोकी मागच्या खोलीत न उघडताच पडून राहायला लागली.

वसंतात एका सकाळी इस्पितळात नर्सनं ती नळी काढली. काम इतकं चटकन झालं की बाहेर बसलेल्या वॉटीला कागदी पेल्यातला चहाही संपवता आला नाही. इसोबेल कोटाची बटणं लावत बाहेर आली.

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं.”

पोटाशी एक छोटी पट्टी होती, बाकी काही नाही. गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली. किनाऱ्याकडून गार वारा आत आला, तिचे आखूड वाढलेले केस उडाले. क्रूकशँकच्या दुकानासमोर तिनं वॉटीला गाडी थांबवायला लावली आणि एकटीच आत गेली. काचेतून वॉटीला दिसत होतं, खाटीक हात पुसत बाहेर येतोय, रांगेतल्या बायका तिच्याभोवती गोळा होताहेत, ती मान हलवून काहीतरी सांगतेय आणि सगळ्या हसताहेत. बहुतेक त्याचंच काहीतरी सांगत असणार.

वॉटी पाठ टेकवून बसला आणि शीळ घालायला लागला. घाई काहीच नव्हती.